मुक्कामी गाडीचे छप्पर आणि दिवे

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या सागवानी अरण्यातून ईशान्येस निघालेला रस्ता सुमारे ३० किलोमीटरांवर एटापल्लीस पोहोचतो, आणि तेथून गट्टा, कसनसूर, जारावंडी अशा गावांकडे त्याला फाटे फुटतात. अशा फाट्यांवरची दिवसाची शेवटची एस. टी. रात्री आगारात परतेलच असे नसते. मुक्कामी म्हणून नेमलेली गाडी शेवटच्या गावीच रात्र काढते, आणि तहसील, दवाखाना, शाळा, बाजार अशा नाना कामांसाठी निघालेल्या माणसांना घेऊन उजाडण्यापूर्वी माघारी फिरते. मुक्कामाच्या गावी चालक-वाहकांच्या निजण्याची निराळी तजवीज नसली, तर ती गाडीच त्या रात्रीपुरते त्यांचे घर होते. बाकावर अंथरूण, वरच्या फळीवर जेवणाचा डबा आणि उशाशी तिकिटांची रोकड, एवढाच त्या घराचा संसार असतो. युरोप-अमेरिकेत बिछाने, चूल आणि पाण्याची टाकी बसविलेल्या मोटारींतून हौशी कुटुंबे महिनोन्‌महिने फिरतात. अशा मोटारींना मोटरहोम म्हणतात. अशी गाडी जुनी झाली की तिला दोन विकार हमखास जडतात. छप्पर गळू लागते आणि दिवे दगा देतात. एटापल्लीच्या मुक्कामी गाडीचे विकारही हेच, आणि त्यांवरचे उपायही हेच. भेद इतकाच की हौशी प्रवासी पावसाळा संपेपर्यंत प्रवास लांबणीवर टाकू शकतो, आणि मुक्कामी गाडीला ती मुभा नाही.

राज्याच्या सरकारी एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून निराळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आणि एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा-वांगेतुरीच्या बाजूला एस. टी. ची चाके लागण्यास १ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. ज्या मुलखाने एका बससाठी स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे वाट पाहिली, त्या मुलखात बसचे छप्पर शाबूत असणे ही चैनीची बाब मानता येणार नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा भाग चार महिन्यांत कोसळतो. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा संपर्क तुटतो हे सर्वश्रुत आहे. परंतु लहान नाल्यांवरून पाणी गेल्यामुळे अंतर्भागातील वाटा बंद होण्याचे प्रसंगही थोडे नसतात, आणि तशा वेळी जी गाडी जेथे असेल तेथेच तिला थांबावे लागते.

गाडी गळते कशी, हे समजण्यासाठी तिची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. एस. टी. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत दीर्घकाळ ज्या बसगाड्या बांधल्या गेल्या, त्यांची अंगकाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची असे. अलीकडच्या वर्षांत पोलादी बांधणी आली, पण जुन्या गाड्यांचे टप पाहू गेल्यास एकमेकांवर चढविलेले पत्रे आणि त्यांना सांधणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा, असेच त्यांचे स्वरूप दिसते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा टप पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी अधिक तापला, तर १० मीटर लांबीत ॲल्युमिनियम सुमारे ९ मिलिमीटर वाढते, आणि तितक्याच लांबीचे पोलाद ५ मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक सगळ्या जोडांत वाटला जाऊन प्रत्येक रिव्हेटाला रोज थोडा थोडा ताण देत राहतो. जेथे पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडतात आणि त्यांत ओलावा शिरतो, तेथे विद्युत्‌-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि छिद्रे रुंदावतात. त्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड वाहतुकीने उखडलेल्या रस्त्यावरचे हादरे मिळवावेत, म्हणजे चार-सहा वर्षांत टपाची जी अवस्था होते तिचे आश्चर्य वाटू नये.

जाणता कारागीर पाणी न ओतताही पुष्कळ गोष्टी ओळखतो. रिव्हेटाभोवती पांढरी भुकटी दिसली की तेथे धातू खाल्ला जात आहे. रिव्हेटामागून काळसर ओघळ उतरलेला दिसला की तो रिव्हेट सैल होऊन हलतो आहे, आणि त्याच्या घर्षणाने निघालेली धातूची पूड पाण्याबरोबर वाहत आली आहे. परंतु पाणी नेमके कोठून शिरते याचा निर्णय केवळ नजरेने होत नाही, आणि दुरुस्तीतील बहुतेक श्रम वाया जातात ते येथेच. कौलारू घरात थेंब ज्या जागी पडतो त्याच्या बरोबर वर फुटके कौल सापडत नाही, कारण पाणी वाशावरून सरकत भलतीकडे उतरलेले असते. गाडीत वासे नसले तरी टपाचा बाहेरचा पत्रा आणि आतले छत यांच्यामध्ये पोकळी असते, त्या पोकळीत आडव्या कमानी असतात, आणि पुढच्या काचेपाशी शिरलेले पाणी त्यांच्या आश्रयाने चौथ्या-पाचव्या बाकापर्यंत निर्वेध पोहोचते. गाडी चढावर उभी असता एकीकडे गळते आणि उतारावर दुसरीकडे, याचे कारणही हेच. थेंब पडतो तेथे लांबी भरणारा माणूस पाण्याची वाट बंद करीत नाही. तो फक्त बाहेर पडण्याचे दार बंद करून पाणी आत कोंडतो, आणि ते कोंडलेले पाणी पुढे सांगाडा कुजविते.

म्हणून पाण्याची परीक्षा घेताना क्रम पाळला पाहिजे. गाडी पूर्ण वाळलेली असावी, आतल्या छताचे पत्रे शक्य तितके उतरवावेत, आणि एकाने आत खडू व विजेरी घेऊन बसावे. दुसऱ्याने पाण्याचा पाइप घेऊन अगदी खालून आरंभ करावा. प्रथम खिडक्यांच्या तळपट्ट्या, मग पुढच्या काचेचे रबर, मग टपाची कड, त्यानंतर टपावरील आडवे जोड, आणि सर्वांत शेवटी हवेसाठी ठेवलेली झडप, शिडीचे व कॅरिअरचे पाय आणि टपावरील दिव्यांच्या बैठका. एका जागी पुष्कळ वेळ पाणी सोडल्याशिवाय पुढे सरकू नये. वरून आरंभ केला तर पाणी सगळ्याच जोडांवरून खाली येते, आणि दोषी कोण हे कधीच ठरत नाही. ही परीक्षा एका कामाच्या दिवसाचा मोठा भाग खाते, हे खरे. पण तिच्याशिवाय केलेली दुरुस्ती ही निव्वळ अंदाजपंचे असते, आणि मी तिला दुरुस्ती म्हणावयास तयार नाही.

खिडक्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट वारंवार नजरेआड होते. सरकत्या काचांच्या तळपट्टीत पाणी साचणे अटळ असते, म्हणूनच त्या पट्टीला बाहेर पाणी सोडणारी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. धुळीने आणि पाचोळ्याने ती बुजली की पट्टी भरून पाणी आतल्या बाकावर ओसंडते. खिळ्याच्या टोकाने छिद्रे मोकळी केली की हा रोग तेथेच बरा होतो.

टपाच्या जोडाचे काम मात्र असे सोपे नाही. पूर्वीच्या डांबराचे आणि लांबीचे थर खरवडून, मूळ पत्रा उघडा पडेपर्यंत स्वच्छ केल्याशिवाय नवीन काहीही लावू नये. सैल रिव्हेट ठोकून घट्ट होत नाही. तो काढून, छिद्र एक माप वाढवून, त्याच धातूचा जाडसर रिव्हेट पॉलियुरेथेनच्या लवचिक लुकणात बुडवून बसवावा लागतो. इपॉक्सीची लांबी दगडासारखी कठीण होते, आणि रोज ताणल्या-आकसल्या जाणाऱ्या जोडावर ती लवकरच तडकते. सिलिकोन लवचिक असते, पण त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा ते लागले की त्या जागी पुढचे लुकण चिकटत नाही. नवा पत्रा जोडताना पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढलेली असावी, म्हणजे धावत्या गाडीत वारा आणि पाऊस सांध्यात घुसत नाहीत. आतून काहीही चोपडण्यास आगाराने सक्त मनाई करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दिव्यांकडे वळू. गळती आणि दिवे यांची खाती कार्यशाळेत वेगळी असतात, पत्र्याचा कारागीर निराळा आणि विजेचा निराळा. परंतु जुन्या गाडीत पुष्कळदा एकाच रोगाची ही दोन लक्षणे असतात. टपावरच्या दिव्याची तार ज्या छिद्रातून आत जाते त्याच छिद्रातून पाणीही जाते, तारेच्या अंगाने उतरते आणि दिव्याच्या बैठकीत साचते. तार आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. छिद्राला रबरी कडे बसविले, म्हणजे हादऱ्यांनी तारेचे वेष्टन कापले जात नाही. या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

घरातल्या विजेसारख्या जाण्याच्या आणि येण्याच्या दोन तारा बहुतेक गाड्यांत नसतात. बॅटरीचा ऋण ध्रुव सांगाड्याला जोडलेला असतो, आणि दिव्यातून गेलेला प्रवाह सांगाड्यातूनच परत येतो. या परतीच्या जोडाला कारागीर अर्थ म्हणतात. नवीन बल्ब बसवून, फ्यूज पाहून, तार तपासूनही दिवा मंद जळतो, तेव्हा शंभरातील बहुसंख्य वेळा दोष या अर्थात असतो, असे कोणताही अनुभवी वायरमन सांगेल. जेथे पत्र्याला स्क्रू लावून अर्थ घेतलेला असतो तेथे गंज धरतो, तांब्याची तार हिरवी पडते आणि प्रवाहाच्या परतीस अडथळा होतो. हा अडथळा किती थोडा पुरतो ते पाहण्यासारखे आहे. २४ व्होल्टांच्या गाडीतील ७० वॉटांच्या हेडलाइटच्या वाटेत केवळ एका ओहमचा अडथळा आला, तर दिव्याला मिळणारा विद्युत्‌दाब एकदशांशाहून थोडा अधिक घटतो. पण तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबापेक्षा कितीतरी अधिक वेगाने घटत असल्यामुळे उजेड जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होतो. रात्री जंगलातल्या वळणावर उभे असलेले जनावर किंवा रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसणे आणि न दिसणे यांतले अंतर तेवढेच असते.

ब्रेक दाबला असता वळणाचा दिवाही मिणमिणू लागला, तर निदान निश्चित समजावे. अर्थ तुटल्यामुळे प्रवाह शेजारच्या दिव्यातून परतीची वाट शोधतो आहे. खात्री करावयाची तर दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक दिव्याच्या धातूच्या बैठकीला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण ध्रुवाला लावावे. अर्थ चांगला असेल तर काटा शून्याजवळच राहतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर परतीची वाट खराब आहे. मग जोड सोडवून, पॉलिश कागदाने धातू लखलखीत घासून, नवे टोक बसवून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडाचा पातळ थर सतत धरतो, आणि तो विजेला अडवितो. त्यामुळे जुन्या ॲल्युमिनियमी गाडीत अर्थासाठी पत्र्यावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक दिव्याच्या बैठकीपासून खालच्या पोलादी चासीपर्यंत स्वतंत्र तार नेणे हाच टिकाऊ बंदोबस्त होय.

फ्यूजविषयी एक ताकीद आवश्यक आहे. वारंवार फ्यूज जातो म्हणून त्या जागी जाड तार किंवा चांदीचा कागद गुंडाळण्याची रीत फार धोक्याची आहे. फ्यूज जातो याचा अर्थ कोठेतरी तार पत्र्याला टेकली आहे किंवा पाण्याने जोडली गेली आहे. फ्यूज निकामी केला की वितळण्याचे काम ती तार करते, आणि मुक्कामी गाडीत त्या तारेखाली दोन माणसे निजलेली असतात.

जुलै २०२३ मध्ये अहेरी आगाराच्या एका धावत्या बसच्या छपराचा सुटलेला भाग वाऱ्याने वरखाली आपटत असल्याची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली, आणि त्यावर कारवाईही झाली. मात्र पत्रा त्या एका दिवशी सुटत नाही. त्याआधी कित्येक दिवस कोणता तरी रिव्हेट काळा ओघळ सोडीत असतो. गडचिरोली विभागात गडचिरोली, ब्रह्मपुरी आणि अहेरी ही तीन आगारे आहेत, आणि एटापल्लीच्या वाटेवरील गाड्या अहेरीच्या. या आगारांतील मुक्कामी गाड्यांची पाण्याची परीक्षा दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे मृगाच्या निदान तीन आठवडे आधी व्हावी, जेणेकरून सापडलेल्या दोषासाठी रिव्हेट, लुकण आणि तार मागविण्यास मुदत उरेल. चालकाने गाडी जमा करताना लिहिलेला ‘टप गळतो’ किंवा ‘दिवा मंद’ हा शेरा पुष्कळदा तेवढाच राहतो. नोंदवहीत त्या शेऱ्यापुढे आणखी दोन रकाने असावेत: पाणी अथवा दोष प्रत्यक्ष कोठे सापडला, आणि तो कोणी व कशाने बंद केला. दुसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा गळू लागले, तर पुढच्या कारागिराला मागच्या उपायाचे दप्तर हाती मिळेल, आणि खालून वर पाणी सोडण्याचा तो लांबलचक खटाटोप त्याला पहिल्यापासून करावा लागणार नाही.