बालआरोग्याची माहिती आणि विश्वासाचा प्रश्न : भिलाई परिसराचा अनुभव

नागपूर जेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होती, त्या काळात म्हणजे 1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर वसाहती, शाळा आणि पुढे सेक्टर 9 मधील मोठे रुग्णालय आले. कायम कामगाराच्या मुलाला ताप आला तर कोणाला विचारावयाचे, हा प्रश्न तेथे बहुतांशी सुटलेला होता. कंत्राटी मजुरांच्या व भोवतालच्या खेड्यांतील कुटुंबांपुढे मात्र तो कायम राहिला.

अर्थशास्त्रात या प्रश्नाला माहितीची असममितता असे नाव आहे. केनेथ अॅरो यांनी 1963 मधील आपल्या निबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांहून वेगळी का असते, याचे विवेचन केले. भाजी ताजी आहे की शिळी, हे घेणाऱ्यास पाहता येते. परंतु जुलाबाने कोमेजलेल्या मुलाला सलाईनची गरज आहे की जलसंजीवनी पुरेशी आहे, हे आईला ठरविता येत नाही. ते ज्याला कळते, तोच बहुधा उपचार विकणाराही असतो.

दल्ली-राजहरा ते मितानिन

भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणमजुरांनी या असममिततेवर स्वतःपुरता मार्ग शोधला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने मजुरांच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभारलेले शहीद रुग्णालय जून 1983 मध्ये सुरू झाले. अनावश्यक इंजेक्शने व सलाईन टाळावी, जुलाबात घरीच द्रवपदार्थ द्यावेत, असे तेथे रुग्णांना समजावून सांगितले जाई. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्याने पुष्कळ मुलांचे प्राण वाचू शकतात. हे ज्ञान जवळजवळ फुकट असते, आणि बहुधा त्याचमुळे ते पसरविण्यात कोणा विक्रेत्याला रस नसतो. सार्वजनिक वस्तूचे याहून सुबोध उदाहरण विद्यार्थ्यांना क्वचितच मिळेल.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले. त्या वर्षी राज्याचा बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 79 होता, देशाचा 68. नव्या राज्याने 2002 मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगढी समाजात दोन स्त्रिया विधीपूर्वक जन्मभराचे मैत्र जोडतात. त्या नात्याचे नाव या आरोग्यकार्यकर्तीला देण्यात आले. निवडीचे एकक गाव नव्हे, तर पारा म्हणजे पाडा ठेवण्यात आले. गावाच्या पातळीवर निवड केली असती, तर वरचढ वस्तीतील स्त्री निवडली जाऊन दुर्बल वस्त्या बाजूला पडण्याचा धोका होता. अक्षरओळख इष्ट मानली गेली, परंतु सक्तीची नव्हती. जन्मानंतर लगेच स्तनपान, पहिला चीक टाकून न देणे, सहा महिन्यांनंतर पूरक आहार, जुलाबात द्रवपदार्थ अशा मोजक्या गोष्टी ती घरोघर सांगू लागली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ची कल्पना साकारली, तेव्हा या अनुभवाचा आधार घेण्यात आला.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघर नवजात बालसेवा दिली. तिचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून आशांच्या गृहभेटींतून ही पद्धत देशभर आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी भेटी ठरविण्यात आल्या. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड वा तापलेले असेल, श्वास जलद असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावयाचे, ही लक्षणे या भेटींत आईला शिकवावयाची असतात.

मोबदल्याची अडचण

मितानिन प्रारंभी स्वयंसेविका होती. पुढे तिला कामनिहाय मोबदला लागू झाला. तो न्याय्यच होता. गरीब स्त्रीच्या श्रमाला सेवाभाव म्हणून मोबदला नाकारणे सोयीचे असले तरी योग्य नाही. तथापि कामनिहाय मोबदल्याचा एक परिणाम असा की, जे मोजता येते तेच अधिक घडते. रुग्णालयातील प्रसूती मोजता येते, लस मोजता येते. घाबरलेल्या आईजवळ अर्धा तास बसून तिच्या सासूची शंका दूर केली, याला नोंदवहीत रकाना नसतो. माहितीवरील विश्वास मात्र त्याच अर्ध्या तासात निर्माण होतो.

2020 मध्ये राज्याचा बालमृत्युदर 38 पर्यंत उतरला, देशाचा 28 झाला. घसरणीचे सर्व श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही. रस्ते, लसीकरण, रुग्णवाहिका, स्त्रीशिक्षण यांचाही त्यात वाटा आहे.

भिलाईसारख्या शहरात अडचण निराळी आहे. 2012 पासून राज्याने शहरी वस्त्यांतही मितानिन नेमल्या. पाड्यातील मितानिनला प्रत्येक घर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. शहरी वस्तीतील भाडेकरू कुटुंब काम संपले की हलते. पहिल्या बाळंतपणासाठी सून माहेरी जाते आणि बाळ महिन्याचे होताच परतते. अशा वेळी सहापैकी काही भेटी एका मितानिनच्या, तर उरलेल्या दुसरीच्या वाट्याला येतात. पहिल्या मितानिनने पाहिलेली धोक्याची लक्षणे दुसरीपर्यंत पोहोचविणारा दुवा बहुधा आईच्या पिशवीतील एक कार्ड एवढाच असतो.