दोन रुपये रोज ते कमानी ट्यूब्ज: कल्याणमधल्या एका उद्योगाचा मागोवा

ठाण्यातल्या माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून येणाऱ्या महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक घोडबंदरकडे जाते, दुसरी भिवंडी-नाशिककडे. या साऱ्या परिसराला एके काळी कारखान्यांनी पोसले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटीत घराघरातल्या मुलांना काम मिळू लागले. पुढे एकेक भोंगा थांबला. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी 2009 मध्ये बंद झाली. कारखान्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले. आज इथली तरुण पिढी घरच्या ओट्यावरून डबे पुरवते, गाळा भाड्याने घेऊन छपाई करते, फोनवरून कपडे विकते. त्यांना अडचण विचारली की पहिले उत्तर ठरलेले असते: भांडवल नाही.

भांडवल नसताना माणूस कुठून सुरुवात करतो आणि कुठवर पोहोचतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यात, कल्याणात घडले आहे. उद्योजिका कल्पना सरोज यांचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. पण बहुतेकांना त्यांच्या आयुष्यातले दुःख आणि शेवटची पद्मश्री एवढेच ठाऊक असते. शिकण्यासारखे जे आहे ते या दोहोंच्या मधल्या वर्षांत आहे.

1961 साली अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात हवालदार होते. शाळा सुटली, बाराव्या वर्षी लग्न झाले, मुंबईच्या झोपडपट्टीतल्या सासरी छळ झाला. वडिलांनी परत आणले, तर गावाने टोमण्यांनी जगणे नकोसे केले. त्या मरणाच्या दारातून परतल्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबईला आल्या, या वेळी कमवायला. होजिअरीच्या कारखान्यात धागे कापण्याचे काम मिळाले. रोज दोन रुपये.

इथे तरुणांना एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. या हालअपेष्टांनी त्यांना घडवले, असे म्हणू नका. बालविवाहातून कोणी उद्योजक होत नाही. त्यांची धाकटी बहीण आजारी पडली आणि उपचाराला पैसे नव्हते म्हणून गेली. त्यात कसलाही धडा नाही, तो आपल्या समाजाचा दोष आहे. त्या घटनेने कल्पनाताईंना एवढेच पटले की पैसा नसेल तर आपली माणसे वाचवता येत नाहीत, आणि पगारात तो पैसा कधीच जमणार नाही.

मग त्यांनी शिलाई मशीन धरले. कुटुंब तोवर कल्याणला भाड्याच्या खोलीत आले होते. दिवसाचे तास वाढवता येतील तेवढे वाढवले, तरी शिलाईच्या मजुरीला मर्यादा होतीच. तेव्हा त्यांनी सरकारी कर्ज योजनांची माहिती काढली आणि महात्मा फुले यांच्या नावाच्या योजनेतून 50,000 रुपयांचे कर्ज मिळवले. त्यातून बुटिक आणि फर्निचरची खरेदी-विक्री सुरू झाली.

या कर्जाकडे नीट पाहावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ राज्यात 1978 पासून आहे. म्हणजे योजना होती, पैसाही होता. तिथवर पोहोचण्याची वाट मात्र वस्तीत कोणाला ठाऊक नव्हती. कल्पनाताईंनी ती वाट शोधली, आणि पुढचे पाऊल मला अधिक मोलाचे वाटते: त्यांनी बेरोजगार तरुणांची संघटना उभी करून तीच माहिती इतरांना द्यायला सुरुवात केली. कुठला फॉर्म, कुठले दाखले, कुणाला भेटायचे. या कामात त्यांना कुठलाही नफा नव्हता. पण कल्याणात माणसे त्यांना ओळखू लागली, त्यांच्या शब्दावर विसंबू लागली.

त्या ओळखीचा उपयोग नव्वदच्या दशकात झाला. कल्याणातला एक भूखंड कज्ज्यात अडकला होता. मालकाला पैशांची निकड होती, म्हणून तो अडीच लाखांच्या आसपास द्यायला तयार झाला. कल्पनाताईंकडे तेवढेही पैसे नव्हते. त्यांनी उसनवारी केली, हप्त्यांनी रक्कम दिली आणि कोर्टकचेऱ्यांचे हेलपाटे घालून जागा मोकळी करून घेतली. जागा मोकळी झाली तशा धमक्या सुरू झाल्या, जिवावर उठणारेही निघाले. त्या हटल्या नाहीत. बांधकामाला पैसा नव्हता, म्हणून पैसेवाला भागीदार घेतला: जमीन त्यांची, खर्च त्याचा. बांधकाम व्यवसायातला त्यांचा पाया असा घातला गेला. इतरांनी नाद सोडलेल्या कागदांवर त्यांनी वेळ घातला, आणि तो वेळ हेच त्यांचे भांडवल ठरले.

याच सवयीमुळे 2000 साली कमानी ट्यूब्जचे कामगार त्यांच्या दारी आले. तांब्याच्या आणि तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या बनवणारी कुर्ल्याची ही कंपनी रामजीभाई कमानींच्या उद्योगसमूहातली. मालकांच्या भांडणात ती बुडाली, तेव्हा 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कामगारांच्या हाती सोपवण्याची योजना मान्य केली. देशभर त्या निर्णयाची चर्चा झाली. काही वर्षे चाक फिरले, मग पुन्हा थांबले. देणी 116 कोटींवर गेली, शंभरावर खटले चालू होते, युनियन दोन आणि पाचशेच्या वर कामगारांच्या घरी पगार नव्हता.

धातूच्या नळ्यांचे कल्पनाताईंना काही कळत नव्हते, हे त्या स्वतःच सांगतात. त्यांनी जाणकारांची दहा जणांची समिती केली आणि पहिला प्रश्न विचारला: या 116 कोटींत मूळ कर्ज किती? उलगडा झाला की मोठा वाटा व्याज आणि दंडाचा आहे. मग त्या थेट केंद्रीय अर्थमंत्र्यांपर्यंत गेल्या. त्यांचा युक्तिवाद साधा होता: कंपनी विकली तर बँकांनाही काही मिळणार नाही आणि कामगारांनाही नाही, दंड-व्याज सोडले तर मुद्दल मिळेल. बँकांना ते पटले. 2006 मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. बँकांची देणी फेडायला सात वर्षांची मुदत होती, ती त्यांनी वर्षभरात फेडली. कामगारांच्या थकीत पगारासाठी तीन वर्षे मिळाली होती, तो तीन महिन्यांत चुकता केला. पुढे कारखाना कुर्ल्याहून वाड्याला गेला, माजिवड्यावरून भिवंडीकडे जाणाऱ्या वाटेवर. 2013 मध्ये व्यापार-उद्योगासाठी त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेतले यश मला त्या तीन महिन्यांत दिसते. मुदत हातात असताना आधी कामगाराचे पैसे देणाऱ्या मालकाला पुढे कामगारही मिळतो आणि कर्जही. गरिबीतून आलेल्या माणसाकडे गहाण ठेवायला घर नसते, नावाजलेला काका नसतो. बाजारात त्याची पत फक्त वागण्यातून तयार होते.

शेजारच्या डोंबिवलीत कारखाना असलेल्या विको कंपनीचा इतिहास वेगळ्या मार्गाने तेच सांगतो. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 मध्ये परळच्या छोट्या जागेत दंतमंजनापासून सुरुवात केली आणि ते दारोदार विकले. 1975 मध्ये हळदीची क्रीम आली, तेव्हा पिवळा रंग चेहऱ्यावर राहील या धास्तीने गिऱ्हाईक हात लावेना. विक्रेते आरसा घेऊन फिरले, लोकांना क्रीम लावून दाखवली. तिथे विश्वास गिऱ्हाइकाचा होता, कमानीत बँकेचा आणि कामगाराचा. मिळवण्याची रीत एकच: समोरच्याच्या मनातली शंका ओळखून तिचे उत्तर आधी द्यायचे.

आज साधने तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत. 2015 पासून मुद्रा योजना आहे, 2016 ते 2025 या काळात स्टँड-अप इंडियामधून अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी 10 लाख ते 1 कोटीपर्यंत कर्जाची सोय होती. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत मिळावेत असा कायदा आहे. तरीही किती तरुण जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढतात? आपल्या कर्जाचे मुद्दल किती आणि व्याज किती, हे किती जणांना तोंडपाठ असते?

माजिवड्यात, कळव्यात, कल्याणात गाळा उघडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझे कळकळीचे सांगणे आहे. बोर्ड रंगवण्याआधी उद्यम नोंदणी करा. सही करण्याआधी करारनामा पूर्ण वाचा, कळला नाही तर विचारा. पहिली कमाई आली की हाताखालच्या मुलाचा पगार आणि पुरवठादाराची उधारी आधी द्या. आणि जी वाट तुम्हाला सापडली, ती शेजारच्यालाही दाखवा.