परतीचं फाटक कुणाच्या हाती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला गोल्फचं मैदान नाही. मग गोल्फ खेळणाऱ्यांच्या पैशाअडक्याची गोष्ट तिथल्या माणसाला कशाला सांगायची, असं कुणीही विचारील. पण श्रोतेहो, या गोष्टीचं मर्म कापूस पिकवणाऱ्याला लवकर कळेल. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. विकणारे लाखो आणि घेणारा एक. हमीभाव मिळे, पण चुकारे हप्त्याहप्त्यानं. बाहेर भाव चढला की सीमेजवळचा कापूस रातोरात शेजारच्या राज्यात जाई. बाहेर भाव पडला की सगळे पुन्हा सरकारी काट्यासमोर रांग लावत. पुढे खासगी खरेदी खुली झाली. एकच गिऱ्हाईक असणं म्हणजे काय आणि दुसरं गिऱ्हाईक दारात आलं की मन कसं हलतं, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. गेल्या काही वर्षांत व्यावसायिक गोल्फपटूंपुढे नेमका हाच पेच उभा राहिला आहे.

आधी या खेळाडूचं पोट कसं भरतं ते पाहू. गोल्फपटू पगारी नोकर नसतो. प्रवास, हॉटेल, पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा कॅडी, हे सारं त्याच्या खिशातून. मोठी स्पर्धा चार दिवस चालते. रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर. दोन दिवस झाले की चाळणी लागते. तिला ‘कट’ म्हणतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवर साधारणपणे पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात. उरलेले रिकाम्या हातानं घरी. आठवडाभर राबायचं, खर्च करायचा आणि पदरी शून्य, असं वर्षातून अनेकदा घडतं. बऱ्याच जणांची गत हंगामी शेतकऱ्यासारखी असते, एका चांगल्या आठवड्यावर सगळं वर्ष काढायचं.

अशा वेळी जून २०२२ मध्ये ‘लिव्ह गोल्फ’ ही नवी मालिका सुरू झाली. रोमन अंकांत एल-आय-व्ही म्हणजे ५४. तीन दिवस, ५४ होल, म्हणून हे नाव. पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीचा. पहिल्या वर्षी ४८ खेळाडू आणि चाळणी नाही. एका स्पर्धेसाठी एकूण अडीच कोटी डॉलर. विजेत्याला चाळीस लाख डॉलर आणि अगदी शेवटच्यालाही एक लाख वीस हजार. शिवाय नामवंतांना करारावर सही करण्यासाठी वेगळी रक्कम. पीजीए टूरनं लगेच पवित्रा घेतला. नव्या मालिकेत पहिला चेंडू मारला त्याच दिवशी तिथे गेलेल्या सदस्यांना निलंबित केलं.

या पेचात आपल्या पुण्यात जन्मलेला एक खेळाडूही सापडला. अनिर्बान लाहिरी. जन्म १९८७ चा, वडील लष्करात डॉक्टर. २०१५ मध्ये त्यानं मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन जिंकल्या आणि पुढे अमेरिकेच्या टूरवर जागा मिळवली. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या प्लेअर्स स्पर्धेत तो एका फटक्यानं दुसरा आला. बक्षीस होतं २१ लाख ८० हजार डॉलर, त्या वेळच्या दरानं सुमारे साडेसोळा कोटी रुपये. तरीही ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस तो लिव्हकडे गेला. बॉस्टनजवळच्या पहिल्याच स्पर्धेत तो जादा होलपर्यंत पोचला आणि डस्टिन जॉन्सनकडून हरला. २०२३ मध्ये त्याच्या ‘क्रशर्स’ संघानं सांघिक विजेतेपदही मिळवलं. पैशाच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय चुकला असं कोण म्हणेल?

पण खेळाडू फक्त आपला खेळ विकत नसतो. तो आपली पतही विकत असतो. गोल्फमध्ये ही पत जागतिक क्रमवारीवर मोजली जाते. मोठ्या स्पर्धांचं आमंत्रण आणि ऑलिम्पिकची जागा बव्हंशी याच क्रमवारीवर ठरते. लिव्हच्या स्पर्धांना क्रमवारीचे गुण द्यायला ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार मिळाला. त्या काळात तिथे कितीही चांगलं खेळलं, तरी क्रमांक घसरतच राही. लाहिरी रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो नव्हता. आणखी एक प्रश्न पैशाच्या रंगाचा होता. मानवी हक्कांच्या बाबतीत ज्या राजवटीवर जगभर टीका होते, तिचा पैसा घ्यावा का? काहींनी यावर उघडपणे नकार दिला, काहींनी खांदे उडवले.

आता गंमत पाहा. जे गेले नाहीत, त्यांचंही भलं झालं. गळती थांबवायची म्हणून पीजीए टूरनं २०२३ पासून आपल्या निवडक स्पर्धांची बक्षिसं दोन कोटी डॉलरपर्यंत नेली. रॉरी मॅकिलरॉयसारखे जुन्या घरात राहिलेले खेळाडू घरबसल्या श्रीमंत झाले. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिलं गिऱ्हाईकही भाव वाढवतं, हा बाजाराचा साधा नियम. शिव्या खाल्ल्या जाणाऱ्यांनी, वाढीव भाव घेतला राहणाऱ्यांनी.

आणि परत येणाऱ्यांचं काय? जून २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी समेटाची घोषणा केली, पण अंतिम करार रखडला. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रूक्स केप्का या अमेरिकी खेळाडूनं लिव्ह सोडलं. पाच मेजर स्पर्धा जिंकलेला हा माणूस. जानेवारी २०२६ मध्ये पीजीए टूरनं परतीची एक योजना काढली. अट अशी, की २०२२ ते २०२५ या काळात मेजर किंवा प्लेअर्स स्पर्धा जिंकलेली हवी. या अटीत चारच नावं बसत होती. केप्कानं पन्नास लाख डॉलर धर्मादाय कामासाठी द्यायचं कबूल केलं आणि तो आत आला. त्या प्लेअर्स स्पर्धेत एका फटक्यानं दुसरा आलेला लाहिरी या अटीत बसत नव्हता. माझं म्हणणं इथेच आहे, श्रोतेहो. फुटून निघताना सगळे भाव विचारतात. परतीचं फाटक कुणाच्या हाती राहणार, हे फार थोडे विचारतात.

हे सगळं परदेशातलं झालं. पण भारतातही हाच खेळ मांडला गेला आहे. २००६ मध्ये स्थापन झालेली पीजीटीआय ही संस्था देशातल्या व्यावसायिक स्पर्धा भरवते. २०२५ मध्ये तिच्यासमोर ‘इंडियन गोल्फ प्रीमियर लीग’ उभी राहिली. खेळाडू मोजके, प्रत्येक स्पर्धेला दीड कोटींचं बक्षीस आणि पुरुषांसोबत स्त्रियाही त्याच मैदानात. म्हैसूरच्या प्रणवी उर्सनं पुरुष खेळाडूंना मागे टाकून एक स्पर्धा जिंकलीसुद्धा. गगनजीत भुल्लर, एसएसपी चौरसिया यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू नव्या मालिकेत गेले. त्यावर पीजीटीआयनं अशा खेळाडूंना आपल्या स्पर्धांची दारं बंद केली.

या पीजीटीआयचे अध्यक्ष म्हणून २०२४ मध्ये निवडून आले ते कपिल देव. आणि इथे जुन्या क्रिकेटप्रेमींना काहीतरी आठवेल. २००७ मध्ये झी समूहाच्या सुभाष चंद्रांनी क्रिकेट मंडळाला आव्हान देत ‘इंडियन क्रिकेट लीग’ काढली, तेव्हा तिच्या अग्रभागी कपिल देवच होते. किरण मोरे होते. मुंबईच्या संघाचे प्रशिक्षक संदीप पाटील होते. खेळाडूंत महाराष्ट्राचा सलामीवीर धीरज जाधव होता. मंडळानं मैदानं दिली नाहीत, म्हणून पहिली स्पर्धा पंचकुल्याला भरली. खेळाडूंवर बंदी आली. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचं अध्यक्षपद सोडावं लागलं. त्या वेळी ते बंडखोरांच्या बाजूला होते, आज प्रस्थापितांच्या खुर्चीवर आहेत. यात त्यांना टोमणा मारण्याचं कारण नाही. खुर्ची बदलली की संस्थेचं हित वेगळं दिसू लागतं. म्हणूनच खेळाडूनं कुठल्याही बाजूच्या माणसाकडे न पाहता नियमाकडे पाहावं.

त्या लीगचं पुढे काय झालं? मंडळानं १३ सप्टेंबर २००७ रोजी आयपीएल जाहीर केली आणि २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत लिलाव मांडला. धोनीला पंधरा लाख डॉलर मिळाले. वीस षटकांच्या लीगचा बेत आधी आखला बंडखोरांनी, पीक कापलं मंडळानं. २००९ मध्ये जुनी लीग गुंडाळली गेली. मानधन थकल्याच्या तक्रारी अनेक खेळाडूंनी केल्या. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे वकील शशांक मनोहर. त्यांच्या काळात माफीची योजना आली. ३१ मे २००९ पर्यंत लीगशी संबंध तोडा, देशांतर्गत क्रिकेट लगेच खेळा, भारतीय संघासाठी मात्र वर्षभर थांबा. सत्तरहून अधिक खेळाडू परतले.

परतले, पण सगळे सारखे परतले नाहीत. अंबाती रायडू एकविसाव्या वर्षी त्या लीगमध्ये गेला होता. २००४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. माफी मिळाल्यावर तो मुंबई इंडियन्सकडून चमकला, तरी भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळायला त्याला २०१३ साल उजाडलं. तो तरुण होता म्हणून वेळ हाताशी होता. तिशीकडे झुकलेल्याला अशी दोन वर्षं परत कोण देणार? संदीप पाटील २०१२ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले. कपिल देव यांनाही त्याच वर्षी मंडळानं जवळ केलं आणि दीड कोटींची रक्कम दिली. ज्याचं नाव मोठं, त्याच्यासाठी फाटक उशिरा का होईना उघडतं.

मग कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. कायदा खेळाडूच्या बाजूनं बोलला आहे. १९७७ मध्ये केरी पॅकरनं ऑस्ट्रेलियात बंडखोर क्रिकेट मालिका काढली, तेव्हा इंग्लंडच्या न्यायालयानं त्याच वर्षी सांगितलं, की खेळाडूंवरची अशी बंदी म्हणजे त्यांच्या रोजगारावर घाला आहे. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाला ५२.२४ कोटींचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, पण फेरचौकशीनंतर २०१७ मध्ये तेवढाच दंड पुन्हा ठोठावला गेला. दुसरी लीग भरू देणार नाही, असं वचन मंडळानं प्रक्षेपणाच्या करारात दिलं होतं, हे त्यामागचं एक कारण. पण तारखा पाहा. लीग बुडाली २००९ मध्ये, निकाल आला त्यानंतर चार वर्षांनी. न्यायालयाची तारीख आणि खेळाडूचं वय एकमेकांसाठी थांबत नाहीत.

आता अल्लीपूरकडे परत येऊ. तिथल्या पोरापुढे गोल्फची नाही, पण कबड्डीची अशी संधी उद्या येऊ शकते. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या बालेवाडीत अधिकृत महासंघाच्या बाहेरची एक कबड्डी लीग मोठ्या थाटात सुरू झाली होती. एकच हंगाम झाला. बोलावणं आलं तर जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. एकाच गिऱ्हाईकाच्या भरवशावर खेळाडूनं जन्म काढावा, असं सांगणारे बहुधा त्या गिऱ्हाईकाच्याच ओसरीवर बसलेले असतात. फुटून निघणारे नसते, तर बक्षिसांचे आकडे इतक्या झपाट्यानं वाढले नसते.

पण सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात. पैसा किती, त्यापेक्षा आधी हातात किती आणि उरलेला कोणत्या तारखेला. लीग बंद पडली तर थकलेली रक्कम कोण देणार. तिथे खेळलेले सामने जिल्हा आणि राज्य निवडीत, खेळाडूंच्या आरक्षणातल्या नोकरीच्या प्रमाणपत्रासाठी धरले जातील का. आणि जुन्या संघटनेनं दार लावलं, तर ते उघडायचा अधिकार कुणाला आहे. या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू पुढे’ असं आलं, तर पुढ्यातला आकडा पुन्हा एकदा मोजावा. घरी बाप कापसाचा भाव ठरवताना काटा, कट्टी आणि चुकाऱ्याची तारीख या तिन्ही गोष्टी विचारतो. पोरानंही आपल्या खेळाचा भाव ठरवताना तेवढंच विचारायला हवं.