बेसमेंटमधली यंत्रं, लेखांक ४ : फर्नेस पेटते आणि लगेच विझते तेव्हा

मागच्या आठवड्यात फिल्टर झाला. आता थंडीत खरा घोर लावणारा प्रकार. मिनिआपोलिस किंवा विनिपेगमध्ये बाहेर उणे २५ अंश आहे. गॅसची फर्नेस सुरू होते, पेटते आणि चार-पाच सेकंदांत विझते. पुन्हा पेटते, पुन्हा विझते. दोन-चार वेळा असं झालं की ती गप्प बसते आणि घर गार पडू लागतं. पुण्या-नागपुरात वाढलेल्या माणसाचा या यंत्राशी आधी कधी संबंध आलेला नसतो. त्यामुळे काही जण तिच्याजवळ जायलाच घाबरतात, तर काही जण व्हिडिओ पाहून नको तिथे हात घालतात.

ती विझते का, हे कळायला ती पेटते कशी ते पाहू. थर्मोस्टॅटने ऊब मागितली की सर्वांत आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा फिरतो आणि आत उरलेली हवा बाहेर ओढतो. ओढ पुरेशी आहे का, ते प्रेशर स्विच तपासतो. मग इग्नायटर तापून लालभडक होतो आणि त्यानंतरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. इथून पुढचे काही सेकंद महत्त्वाचे. ज्योत लागली नाही आणि गॅस मात्र सुटत राहिला, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून कंट्रोल बोर्ड ज्योतीचा पुरावा मागतो. तो देते बर्नरसमोरची बोटाएवढी धातूची दांडी, म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्योतीतून वीज वाहू शकते, आणि या रचनेत ती एका दिशेने जास्त वाहते. बोर्ड दांडीला उलटसुलट होणारा विद्युतदाब देतो. ज्योत असेल तरच एकाच दिशेचा, काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह तयार होतो. मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. दांडीवर पातळ थर साचला तरी एवढासा प्रवाह अडतो. मग ज्योत तुमच्या डोळ्यांसमोर व्यवस्थित जळत असते, पण बोर्डाच्या लेखी ती नसतेच, आणि तो गॅस तोडतो. ठरावीक प्रयत्न फसले की तो लॉकआउटमध्ये जातो. बऱ्याच फर्नेस तासाभराने पुन्हा एकदा प्रयत्न करतात.

शंका आली की गॅस बंद करायचा, या एका तत्त्वावर हे यंत्र उभं आहे. मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. म्हणून बंद पडलेल्या फर्नेसवर चिडण्याआधी, तिला कसली शंका आली आहे ते विचारावं. ती सांगतेही. बहुतेक मॉडेलांत दाराच्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा लुकलुकताना दिसतो, आणि किती वेळा लुकलुकला तर काय बिघडलं याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. ब्रेकर बंद करण्याआधीच हे मोजून लिहून ठेवा. वीज गेली की काही बोर्ड तो संकेत विसरतात.

दोष ज्योत न जाणवण्याचा असेल, तर दांडी साफ करणं बऱ्याच जणांना जमतं. थर्मोस्टॅट बंद, वीज बंद, फर्नेसजवळचा गॅसचा कॉक बंद. दांडी बहुधा एकाच स्क्रूवर असते. वायर अलगद काढा, दांडी बाहेर घ्या, बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा, कोरड्या कापडाने पुसून परत बसवा. जाड सँडपेपर वापरू नका. त्याने चरे पडतात. शेजारचा इग्नायटर फार ठिसूळ असतो, त्याला बोट लावू नका.

दिवा प्रेशर स्विचकडे बोट दाखवत असेल, तर आधी बाहेर जाऊन पाहा. उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसचे पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर निघतात आणि मोठ्या बर्फवृष्टीत ते बुजतात. तिथला बर्फ काढा. पाइप मोकळे असतील, तर आत साठणारं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे का ते बघा. फर्नेस फार तापली की गॅस तोडणारा लिमिट स्विच पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर पहिला संशय कोंदलेल्या फिल्टरवर घ्या.

तुमचं काम इथवरच. स्विच 'खराब' आहे असं मानून त्याच्या दोन टोकांना वायर जोडायची आणि फर्नेस चालवायची, हा उद्योग कुणी कितीही सोपा करून दाखवला तरी करू नका. रोलआउट स्विच सुटला असेल, तर ज्योत आपली जागा सोडून बाहेर आली होती असाच अर्थ घ्या. त्याचं बटण दाबून फर्नेस पुन्हा लावू नका. परवानाधारक टेक्निशियनलाच बोलवा. निळ्याऐवजी पिवळी, आळसावलेली ज्योत आणि बर्नरभोवतीची काजळी यांनाही हेच लागू. ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि ज्योतीची ऊब घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला, म्हणजे हीट एक्स्चेंजरला, तडा असेल किंवा धुराची वाट तुंबली असेल तर तो घरात येऊ शकतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने जीव घेतले आहेत, ते याच वायूमुळे. त्याला वास नाही, रंग नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, ताप मात्र नाही आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर फ्लू समजून झोपू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि ९११ला फोन करा. गॅसचा उग्र वास आला तरी तसंच: दिव्याचं बटण न दाबता, फोनही घरात न लावता आधी बाहेर पडा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा. अमेरिकी मानकानुसार हवेत दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर अलार्म एक ते चार तासांत वाजतो, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे तो वाजला तेव्हा वायू घरात काही काळ होताच. खिडकी उघडून पुन्हा पांघरुणात शिरायची ती वेळ नव्हे. या उपकरणालाही वय असतं, बहुधा पाच ते दहा वर्षं, आणि बदलण्याची तारीख त्याच्या पाठीवर छापलेली असते. आज ते भिंतीवरून काढून तारीख वाचा.

पुढच्या आठवड्यात फर्नेसच्या शेजारचा वॉटर हीटर.