विश्लेषण : ४२ क्विंटलची तोफ डोंगरावर कशासाठी?

पिंपळनेर : पिंपळनेरहून सटाणामार्गे नाशिकला जाताना सेलबारीचा घाट लागतो. भरलेल्या गाडीला चढ किती जड जातो, हे या रस्त्यावरच्या चालकांना सांगायला नको. सीमेवर लष्करापुढेही हाच प्रश्न असतो. तिथे घाट हिमालयातला असतो आणि ओझे तोफेचे. त्यावरचे एक उत्तर नाशिकजवळच्या देवळालीत ९ नोव्हेंबर २०१८ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत लष्करात दाखल झाले. ते म्हणजे एम-७७७ ही अतिहलकी हॉवित्झर.

हॉवित्झर म्हणजे काय?

नळी बरीच उंच करून गोळा वरून खाली टाकू शकणारी तोफ म्हणजे हॉवित्झर. त्यामुळे डोंगराच्या पलीकडे लपलेले लक्ष्यही तिच्या टप्प्यात येते. १९९९च्या कारगिल युद्धात बोफोर्सने हेच काम केले. मात्र बोफोर्सचे वजन सुमारे १२ टन आहे. जिथे रस्ता संपतो, तिथे तीही थांबते.

एम-७७७ वेगळी कशी?

तिचे वजन सुमारे ४२०० किलो, म्हणजे ४२ क्विंटल. तोफेच्या सांगाड्यात पोलादाऐवजी टायटॅनियमचा मोठा वापर केल्याने हे साधले. गोळा मात्र बोफोर्सच्याच मापाचा, १५५ मिलिमीटरचा आहे. साध्या गोळ्याचा पल्ला सुमारे २४ किलोमीटर, तर विशेष गोळ्यांचा ३० किलोमीटर व त्याहून अधिक आहे. हलकी तोफ धक्क्याने मागे सरकू नये म्हणून तिचे पाय पसरून ठेवतात आणि मागचे फाळ नांगरासारखे जमिनीत रुततात.

साधारण १० टन भार उचलणारे चिनूक हेलिकॉप्टर ही तोफ खाली लटकवून शिखरावर नेऊ शकते. हवाई दलात चिनूक मार्च २०१९ मध्ये आले. २०२१ मध्ये अरुणाचलच्या तवांग भागात या तोफा तैनात होत्या.

खर्च किती?

भारताने नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेशी १४५ तोफांचा सुमारे ५ हजार कोटी रुपयांचा करार केला. म्हणजे एका तोफेमागे सरासरी ३४ कोटी. त्यातल्या २५ तोफा तयार स्वरूपात आणि १२० तोफांची जुळणी भारतात महिंद्राकडे, असे ठरले.

मग उणीव कोणती?

युक्रेनने ती दाखवून दिली. २०२२ पासून अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने तिथे या तोफा दिल्या. अचूक माऱ्यामुळे सुरुवातीला त्यांचा मोठा उपयोग झाला. पण गोळा सुटताच शत्रूचे रडार तोफेची जागा हेरते आणि आकाशातले ड्रोन तिच्यावर झडप घालतात. एम-७७७ला स्वतःचे इंजिन नाही, चिलखतही नाही. मारा थांबवून, पाय गुटाळून, गाडीला जोडून निघेपर्यंत मोलाची मिनिटे जातात. तेवढा वेळ तोफचालक उघड्यावर असतात. शिवाय सततच्या माऱ्याने नळ्या झिजतात आणि दुरुस्तीसाठी तोफ आघाडीवरून मागे न्यावी लागते.

मग भारताने काय ठरवले?

एकाच तोफेवर भिस्त ठेवलेली नाही. देवळालीत त्याच दिवशी के-९ वज्र ही तोफही दाखल झाली. ती रणगाड्यासारखी पट्ट्यांवर स्वतः धावते, चिलखतात लपते आणि मारा करून लगेच जागा बदलते. पुण्याच्या ‘एआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘अ‍ॅटॅग्ज’ ही ओढून न्यायची तोफ सुमारे १८ टनांची असून पल्ला ४५ किलोमीटरहून अधिक आहे. तिच्या ३०७ तोफांसाठी मार्च २०२५ मध्ये सुमारे ६९०० कोटींचा करार झाला. त्यात पुण्याच्या भारत फोर्जचा वाटा मोठा आहे.

सार काय?

हलकेपणामुळे तोफ योग्य जागी पोहोचते, पण तिथे ती सुरक्षित राहीलच असे नाही. डोंगरात कडेकपारी तिला आडोसा देतात. तरीही ड्रोनच्या काळात तोफ लपवणे, दोन तोफांत अंतर ठेवणे आणि मारा होताच जागा सोडणे, यावरच तोफचालकांचा जीव अवलंबून आहे. देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये शिकणाऱ्या जवानांसाठी नेमबाजीइतकाच हा धडाही आता महत्त्वाचा आहे.