रंगपेटी संगणकात आली, लेकीला शिकू द्या!

घरातली मुलगी वहीच्या मागल्या पानावर चित्रे काढू लागली की "याने पोट भरणार आहे का?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. जलरंगाची चांगली पेटी आणि जाड कागद घ्यायचा म्हणजे जिथे आठवड्याच्या बाजाराला कात्री लागते, तिथे तो विचारला जाणारच. परंतु आज पुस्तकांतील पुष्कळ चित्रे संगणकावर रंगवली जातात. त्यामुळे खर्चाचे गणित बदलले आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे, असे आम्हाला वाटते.

'क्रिटा' हा चित्रकामाचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थच खडू! संगणकाला हाताचा दाब ओळखणारी पेन टॅब्लेट जोडली की कुंचल्यासारखी बारीक-जाड रेषा उमटते. बिनपडद्याची टॅब्लेट पडद्याच्या टॅब्लेटपेक्षा बरीच स्वस्त पडते. हात टेबलावर आणि नजर समोर, ही सवय व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्यात धीर सोडू नये.

मात्र यंत्र चित्रकला शिकवत नाही. आधी कागदावर पेन्सिलने आराखडा काढावा, त्याचा फोटो संगणकात घ्यावा आणि त्यावर थर चढवावेत. हे थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचाच समजा. वरच्या थरावर रेषा, सर्वांत खाली सपाट रंग, मध्ये सावल्या. सावलीचा थर 'मल्टिप्लाय' पद्धतीवर ठेवला की खालचा रंग न झाकता गडद होतो. अधूनमधून चित्र रंगाविना, करड्या छटांत पाहावे. माणूस मागच्या भिंतीत हरवत असेल तर उजेड-सावली सुधारावी; नुसता रंग भडक करून भागत नाही.

पुस्तकाचे चित्र भिंतीवरच्या चित्राहून वेगळे. ए-फोर पानासाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर चित्र २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे हवे. रंग पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर कापणीसाठी प्रत्येक बाजूस साधारण ३ मिलिमीटर जादा ठेवावा. गोष्टीच्या ओळींना मोकळी जागा सोडावी. छापखाना चार शायांवर चालतो, म्हणून पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद दिसतो. पहिल्या पानावर नायिकेच्या फ्रॉकला दोन खिसे असतील तर शेवटच्या पानावरही दोनच हवेत. त्यासाठी तिला समोरून, बाजूने, पाठमोरी असे आधीच काढून ठेवावे. सरावासाठी आजीने सांगितलेली एखादी गोष्ट आठ पानांत बसवावी. काम मागायला जाताना हाच नमुना दाखवता येतो.

आणि काम मिळाले की कागद आधी करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा ठरतो. म्हणून मोबदला किती, चित्र कुठे कुठे वापरणार आणि हक्क कोणाचा, हे लेखी ठरवावे. चित्र आपले आहे असे सांगण्याचा अधिकार मात्र हक्क विकल्यावरही कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो. पालकांनो, लेकीचे पहिले पुस्तक घरी येईल तेव्हा आतल्या पानावर तिचे नाव छापले आहे ना, हे आवर्जून पाहा.