टक्क्यांमागचं घर

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात चौकाचौकांत क्लासेसचे फलक झळकतात. पंच्याण्णव टक्के, सत्त्याण्णव टक्के आणि खाली हसरे चेहरे. ते पाहून एक समज घट्ट होतो, की ज्यांनी कष्ट केले ते वर गेले आणि बाकीचे कमी पडले. त्या मुलांनी कष्ट केलेच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण टक्क्यांत क्लासची फीही असते, अभ्यासाची वेगळी खोली असते, अडलेलं गणित सोडवून देणारं कुणीतरी घरात असतं. केंद्र सरकारच्या 2025 च्या सर्वेक्षणानुसार देशातले सुमारे 27 टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जातात. उरलेल्यांना पेपर तोच आणि वेळही तेवढाच. झोपडपट्टीतलं एखादं मूल नव्वदीच्या पुढे जातं, मग इतरांना काय धाड भरली, असं विचारलं जातं. अशा मुलाची बातमी होते ती असं क्वचित घडतं म्हणूनच. त्याच्या यशावरून त्याची जिद्द कळते, शेजारच्या मुलाचा आळस सिद्ध होत नाही. ठाण्याची समता विचार प्रसारक संस्था प्रतिकूल परिस्थितीत दहावी पार करणाऱ्या मुलामुलींना एकलव्य पुरस्कार देते. मूल कुठून निघालं हे त्यात मोजलं जातं, आणि ही मोजणी मला अधिक खरी वाटते.

दुसरा समज याहून क्रूर आहे: गरीब आईबापांना शिक्षणाची किंमतच नसते. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांसाठी होणारी गर्दी पाहिली तरी तो टिकत नाही. राज्यात अलीकडे या जागा लाखाच्या आसपास असतात आणि अर्ज त्यांच्या दुपटीहून जास्त येतात. हा अर्ज भरणं म्हणजे काय, तेही पाहायला हवं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढायचा, भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करार जोडायचा, ऑनलाइन नकाशावर आपल्या घराची नेमकी जागा दाखवायची. चाळीतल्या किंवा झोपडपट्टीतल्या भाडेकरूला मालक नोंदणीकृत करार करून देईलच असं नाही. दाखल्यासाठी सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते. एवढं करूनही ज्यांचं नाव सोडतीत लागत नाही, त्यांना उदासीन म्हणणं हा अन्याय आहे.

‘या मुलांची स्वप्नंच लहान असतात’, हेही सर्रास ऐकू येतं. स्वप्न लहान दिसतं, कारण त्यामागे हिशेब असतो. बारावीनंतर एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा प्रवेशपरीक्षा देणं, मुलाच्या पगाराची वाट न पाहणाऱ्या घरालाच परवडतं. शिवाय समाज आपल्याकडून काय अपेक्षा ठेवतो, ते मुलाला फार लवकर उमगतं. आपल्याकडे वर्ग आणि जात एकमेकांत गुंतलेले असल्याने संशोधक कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातला प्रयोग इथे महत्त्वाचा ठरतो. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली, तेव्हा कुणाची जात पुकारली नव्हती तोवर दलित मुलं इतरांच्या बरोबरीने होती. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि ती मागे पडली. मुलं होती तशीच होती, फक्त त्यांच्याकडे कसं पाहिलं जाणार आहे, ते त्यांना ऐकवलं गेलं होतं.

आता शाळेविषयी. खासगी शाळेत घातलं की मूल आपोआप पुढे जातं, हा समज आंध्र प्रदेशातल्या मोठ्या अभ्यासाने बराच सैल केला. तिथे सोडतीने खासगी शाळेत गेलेली मुलं तेलुगू आणि गणितात सोडत न लागलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. मग खासगी शाळांतल्या राखीव जागांचा आग्रह कशाला, हा आक्षेप रास्त आहे. याचं उत्तर मिळतं ते दिल्लीत. गौतम राव यांनी तिथल्या श्रीमंत शाळांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र मिळालेली सधन मुलं अधिक उदार झाली आणि गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. हिंदी आणि गणितात त्यांचं नुकसान झालं नाही, इंग्रजीचे गुण थोडे घटले. एवढी किंमत फार नाही, असं माझं मत आहे.

तरीही 9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांच्या अटीतून सूट. ठाण्यातल्या टेंभी नाक्यासारख्या दाट वस्तीत एवढ्या अंतरात अशी शाळा नसणंच अवघड. म्हणजे इथला हक्क जवळजवळ कागदावरच राहिला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. दार उघडं राहिलं खरं, पण कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी पालकांसमोर येते, आणि दहावीच्या फलकावर कुणाचा चेहरा येणार याचा बराचसा निर्णय त्या एका पावतीवर होतो.